नकाशाचीही उलटतपासणी हवी

१५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने नकाशे व भू-स्थानिक माहितीविषयीची नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. आपल्याच देशाचा नकाशा काढण्यासाठी भारतीयांना लागणाऱ्या परवानग्यांचे जंजाळ त्या दिवशी बऱ्याच अंशी सुटले. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण आले. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून भारत-अमेरिकेचा संयुक्त ‘निसार’ उपग्रह झेपावला. ‘इस्रो’चे ‘भुवन’ २००९ पासून आहेच. लँडसॅट उपग्रहांची चित्रे २००८ पासून विनामूल्य मिळतात, युरोपच्या सेंटिनेल-२ ची चित्रेही तशीच. ‘क्यूजीआयएस’सारखे समर्थ सॉफ्टवेअर फुकट उतरवून घेता येते आणि देहरादूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे अभ्यासक्रम घरबसल्या शिकता येतात.

या सगळ्याचा परिणाम महाविद्यालयांच्या आणि विज्ञान परिषदांच्या प्रकल्पदालनांत दिसतो. शहराची उष्णता, तळ्याचे आक्रसणे, घटलेली झाडी, नदीची पूररेषा, कचऱ्याचे ढीग, अशा पर्यावरणाच्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नावर आज विद्यार्थी नकाशा घेऊन उभे असतात. वीस वर्षांपूर्वी जे काम मोजक्या सरकारी प्रयोगशाळांपुरते होते, ते आता तालुक्याच्या गावातील मुलगी आपल्या लॅपटॉपवर करू शकते. ही लहान गोष्ट नव्हे आणि तिचे कौतुक हातचे राखून करण्याचे कारण नाही.

मात्र अडचण नेमकी इथेच सुरू होते. यांतील बरेच प्रकल्प जिथे सुरू व्हायला हवेत, तिथेच संपतात. चित्र उतरवले, सूत्र चालवले, लाल-पिवळ्या-हिरव्या छटा दिल्या, खाली निष्कर्ष लिहिला, झाले. ज्या जागेचा तो नकाशा आहे त्या जागी कुणी गेले होते का, हा प्रश्न परीक्षकही क्वचितच विचारतात. नकाशा म्हणजे निष्कर्ष नव्हे, ती एक साक्ष आहे. आणि साक्ष कितीही रुबाबदार असली, तरी उलटतपासणीशिवाय ती ग्राह्य धरायची नसते.

९६ चौकोनांचे सेक्टर

उदाहरणादाखल चंदीगडचे सेक्टर ४३ घेऊ. या सेक्टरात दोन गोष्टी ठळक आहेत: पंजाब, हिमाचल आणि जम्मू-काश्मीरकडे जाणाऱ्या गाड्यांचे मोठे आंतरराज्य बसस्थानक आणि जिल्हा न्यायालय. रोज हजारोंची ये-जा असलेली ही जागा उन्हाळ्यात किती तापते, असा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याला पडला तर तो उत्तमच प्रश्न आहे. चंदीगड हे अशा अभ्यासाला सोयीचे शहर. पुणे किंवा मुंबई आधी वाढली आणि मग त्यांचे नकाशे निघाले. ल कॉर्ब्युझिएच्या चंदीगडमध्ये नकाशा आधी आणि शहर मागून. त्यामुळे सेक्टरचे मापही ठरलेले, साधारण १२०० मीटर लांब आणि ८०० मीटर रुंद, म्हणजे ९६ हेक्टर.

आता लँडसॅट-८ किंवा ९ कडे वळू. त्यांचा उष्णता टिपणारा संवेदक जमिनीचा १०० मीटर बाय १०० मीटरचा तुकडा एक मानून मोजतो. म्हणजे एका संपूर्ण सेक्टरसाठी त्याच्याकडे असतात अवघे ९६ आकडे. मिळणाऱ्या चित्रात मात्र हेच आकडे ३० मीटरच्या बारीक चौकोनांत वाटून दिलेले असतात. विद्यार्थ्याला वाटते, बारकावा वाढला. प्रत्यक्षात वाढलेली असते ती फक्त चौकोनांची संख्या. बसस्थानकाचे छप्पर, शेजारचा रस्ता आणि कडेची झाडे हे तिन्ही एकाच आकड्यात मिसळलेले असू शकतात. एक किलोमीटरच्या चौकोनात मोजणारे मोडिस संवेदकाचे चित्र घेतले, तर अख्ख्या सेक्टरच्या वाट्याला पुरता एक आकडाही येत नाही.

दुसरा मुद्दा वेळेचा. लँडसॅट चंदीगडवरून जातो तो सकाळी अकराच्या आसपास. दुपारी तीनची होरपळ आणि रात्री न थंडावणारे काँक्रीट या दोन्ही गोष्टी त्याच्या गैरहजेरीत घडतात. शहरातील उष्णतेचा खरा जाच रात्री असतो, कारण दिवसभर साठलेली उष्णता भिंती आणि रस्ते सावकाश सोडत राहतात. उलट उन्हाळ्यातल्या सकाळी शहराबाहेरची नांगरून ठेवलेली कोरडी शेते झाडी असलेल्या शहरापेक्षा लवकर तापतात. उत्तर आणि मध्य भारतातील अनेक शहरांच्या उन्हाळी नकाशांत त्यामुळे शहर ‘थंड’ आणि शिवार ‘गरम’ दिसते. हे न कळलेला विद्यार्थी शहरीकरणामुळे तापमान घटते, असाही निष्कर्ष काढून मोकळा होईल.

तिसरा मुद्दा सर्वांत मूलभूत. उपग्रह मोजतो ते पृष्ठभागाचे तापमान. बसची वाट पाहणाऱ्या प्रवाशाला जाणवते ते हवेचे, आर्द्रतेचे, वाऱ्याचे आणि सावलीचे मिश्रण. चकचकीत पत्रा उष्णतेचे उत्सर्जन कमी करतो, म्हणून तापलेला असूनही उपग्रहाला तो थंड भासू शकतो. त्या पत्र्याखाली बसलेल्या फळवाल्याचा अनुभव अगदी उलट असतो.

मग असा प्रकल्प करूच नये का? जरूर करावा. फक्त त्या ९६ चौकोनांतील दहा-बारा निवडून, उपग्रह ज्या दिवशी जाणार त्याच दिवशी, त्याच वेळी आणि पुन्हा रात्री नऊला, सावलीत दीड मीटर उंचीवर साधा तापमापक धरून उभे राहावे. झाडाखाली, डांबरावर, हिरवळीवर, छपराखाली. आकडे जुळले तर नकाशाचे बळ वाढते. नाही जुळले तर खरा प्रकल्प तिथून सुरू होतो.

हिरवे म्हणजे काय?

उष्णतेखालोखाल विद्यार्थ्यांचा आवडता विषय म्हणजे हिरवाई. त्यासाठी एनडीव्हीआय नावाचा निर्देशांक वापरतात. निरोगी पान तांबडा प्रकाश शोषते आणि डोळ्याला न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश परतवते. या दोहोंच्या वजाबाकीला त्यांच्याच बेरजेने भागले की हिरवाईचा आकडा मिळतो. युक्ती सुंदर आहे, पण या आकड्याला वड, गवत आणि गाजरगवत यांतला फरक कळत नाही. पाणी घालून राखलेले लॉन आणि शंभर वर्षांची आमराई त्याच्या लेखी सारखीच असू शकतात.

त्यात ऋतूंची गल्लत. २००५ च्या एप्रिलमधील चित्र आणि २०२० च्या ऑक्टोबरमधील चित्र शेजारी ठेवले तर कोणतेही शहर हिरवेगार झाल्याचे सिद्ध करता येते. एक चित्र पानगळीच्या उत्तरार्धातले, दुसरे पावसाळ्यानंतरचे. ढग नसलेले चित्र मिळते म्हणून सोयीची तारीख उचलण्याची सवय इथे घात करते.

व्याख्येचा प्रश्न तर राष्ट्रीय पातळीवरही आहे. भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८७ पासून देशाच्या वनस्थितीचे अहवाल काढते. एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर दहा टक्क्यांहून अधिक वृक्षछत्र असेल, तर तिची मालकी कुणाचीही असो आणि वापर कोणताही असो, त्या अहवालात तिची नोंद ‘वनाच्छादन’ म्हणून होते. बागा आणि लागवडीही त्यात येतात. व्याख्या जाहीर आहे, लपवलेली नाही. पण ती न वाचता ‘जंगल वाढले’ किंवा ‘जंगल घटले’ असे फलक लावणारा विद्यार्थी नकाशाशी आणि जंगलाशी, दोघांशीही अन्याय करतो.

नकाशा चुकला तर बिघडते काय?

विद्यार्थ्यांचाच तर प्रकल्प, चुकला तर कुणाचे काय बिघडणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर चंदीगडमध्येच सापडते.

शिवालिकच्या डोंगरांतून येणाऱ्या ‘सुखना चो’ या हंगामी ओढ्याला १९५८ मध्ये बांध घालून सुखना तलाव तयार झाला. डोंगरांची माती ठिसूळ असल्याने तलाव गाळाने भरू लागला आणि पाणलोट क्षेत्रात बांधकामेही वाढत गेली. २ मार्च २०२० रोजी पंजाब व हरयाणा उच्च न्यायालयाने सुखना तलावाला सजीव, कायदेशीर व्यक्तीचा दर्जा दिला. त्याच निकालात भारतीय सर्वेक्षण विभागाने सप्टेंबर २००४ मध्ये तयार केलेल्या नकाशातील पाणलोट क्षेत्राची रेषा प्रमाण मानून तिच्या आतील बांधकामे बेकायदा ठरवली. पुढच्या कायदेशीर वाटचालीत इथे शिरण्याचे कारण नाही. लक्षात घ्यायचे ते इतकेच, की नकाशावरची एक रेषा इकडची तिकडे झाली, तर कुणाचे घर वैध राहते आणि कुणाचे अवैध ठरते.

ती रेषा उंचसखलपणाच्या माहितीवरून काढली जाते आणि विद्यार्थीही आज अशाच पाणलोट रेषा काढतात. उपग्रहावरून मिळणाऱ्या, ३० मीटरच्या चौकोनांत मोजलेल्या उंचीच्या माहितीवर सॉफ्टवेअर काही मिनिटांत ओढे आणि खोरी आखून देते. सपाट भागात, रस्त्याच्या भरावाजवळ किंवा मोरीपाशी ती रेषा सहज चुकते, कारण रस्त्याखालून पाणी जाते हे सॉफ्टवेअरला ठाऊक नसते. पहिल्या पावसात छत्री घेऊन मोरीजवळ उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याला ते पाच मिनिटांत कळते.

पट्टा ४३

चंदीगडचे उदाहरण दूरचे वाटत असेल, तर एक योगायोग पाहावा. क्षेत्रफळ आणि अंतर मोजण्यासाठी पृथ्वीची सहा-सहा अंशांच्या साठ उभ्या पट्ट्यांत विभागणी केली जाते. ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांमधला पट्टा ४३ क्रमांकाचा आहे. सेक्टर ४३ या पट्टा ४३ मध्येच येते, आणि मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि अमरावतीही त्यातच. नागपूर मात्र पट्टा ४४ मध्ये जाते.

हा तपशील कोरडा वाटला तरी प्रकल्प त्यावर तरतो वा बुडतो. संकेतस्थळांवरचे नेहमीचे नकाशे ज्या प्रक्षेपणात असतात, ते विषुववृत्तापासून दूर जावे तसे क्षेत्रफळ फुगवते. त्या प्रक्षेपणात सरळ मोजले तर चंदीगडच्या अक्षांशावर ९६ हेक्टरचे सेक्टर सुमारे १३० हेक्टरचे भरते. कोल्हापुरात ही फुगवट नऊ टक्क्यांच्या आसपास असते. तलाव किती आटला, हे हेक्टरांत सांगणाऱ्या प्रकल्पाने आधी आपले प्रक्षेपण सांगितले पाहिजे. तीन आकड्यांपर्यंत दशांश देऊन ते साधत नाही.

याच पट्ट्यात कोकणातले सडे आणि साताऱ्याचे कास पठार येते. मे महिन्यातील चित्रात जांभ्याचा सडा म्हणजे उघडा, तापलेला, निरुपयोगी कातळ. देशातील पडीक जमिनींच्या नकाशावलीत उघड्या खडकाळ जमिनीचा एक वर्ग आहे आणि सडे त्यात सहज जाऊन बसतात. तोच कातळ सप्टेंबरात फुलांनी भरतो. इथल्या काही वनस्पती जगात दुसरीकडे कुठेही आढळत नाहीत, आणि पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यांत कासही आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील सड्यांवरची कातळशिल्पे तर कोणत्याही उपग्रहाने शोधली नाहीत. स्थानिक अभ्यासकांनी सडे पायाखाली घातले, गावकऱ्यांना विचारले आणि ती उजेडात आली. ज्या जमिनीला नकाशा ‘पडीक’ म्हणतो तिच्यावर पुढे काय उभारायचे, हे ठरवणे सोपे जाते. म्हणून त्या शब्दाची शहानिशा करणे हे विज्ञानाइतकेच नागरिकत्वाचेही काम आहे.

एकच डोंगर, दोन नकाशे

नकाशा निरपेक्ष नसतो, याचा सर्वांत मोठा धडा महाराष्ट्राच्या अंगणातच आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ऑगस्ट २०११ मध्ये पश्चिम घाटाचा अहवाल दिला. तिने सुमारे १,२९,०३७ चौरस किलोमीटरचा घाट साधारण ९ किलोमीटर बाय ९ किलोमीटरच्या चौकोनांत विभागून प्रत्येक चौकोनाला पर्यावरणीय महत्त्वानुसार गुण दिले. के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील गटाने २०१३ मध्ये दुसरा अहवाल दिला. त्याने घाटाची व्याप्तीच १,६४,२८० चौरस किलोमीटर धरली, २४ मीटर इतक्या बारीक चौकोनांची उपग्रहचित्रे वापरली आणि सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरवला. पहिल्याची चौकट जाड होती, पण त्याने विचारलेले प्रश्न अनेक पदरी होते. दुसऱ्याची चौकट बारीक होती, पण त्याचा भर प्रामुख्याने नैसर्गिक आणि मानवी वापराचा भूभाग वेगळा करण्यावर होता. डोंगर तेच, तरीही उत्तरे वेगळी.

हा वाद अजून शमलेला नाही. ३१ जुलै २०२४ च्या मसुदा अधिसूचनेत सहा राज्यांतील सुमारे ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र आहे आणि त्यातील १७,३४० चौरस किलोमीटर महाराष्ट्रातले आहे. आपले गाव रेषेच्या आत का आणि शेजारचे बाहेर का, हे गावकऱ्यांना कुणीतरी समजावून सांगायला हवे. ते सांगू शकणारे तरुण जवळच्याच महाविद्यालयात शिकत असतात. गाडगीळ समितीने आपला नकाशा अंतिम न मानता ग्रामसभांच्या सहभागाने सीमा ठरवाव्यात, असा आग्रह धरला होता. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांना याहून मोठे आणि याहून जवळचे काम कोणते असेल?

दोन आक्षेप

पहिला आक्षेप शिक्षकांचा असतो: सत्र चार महिन्यांचे, विद्यार्थी साठ, सहलीला पैसा नाही, मुलींना एकटे पाठवता येत नाही. हा आक्षेप खरा आहे. त्यावरचा उपाय म्हणजे क्षेत्र लहान करणे. संपूर्ण जिल्ह्याचा नकाशा आणि शून्य फेऱ्या यापेक्षा एक सेक्टर, एक वाडी किंवा महाविद्यालयाचा परिसर आणि सहा फेऱ्या केव्हाही बऱ्या. पायी जाता येईल तेवढेच क्षेत्र निवडले तर बसभाड्याचाही प्रश्न उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचार करायला लावणारा आहे. उपग्रहाचे मोल, आक्षेप घेणारे म्हणतात, याचसाठी की तो पाय पोहोचत नाहीत तिथे पाहतो आणि भूतकाळही दाखवतो. गेलेल्या काळात तापमापक घेऊन कसे जायचे? पहिला लँडसॅट १९७२ च्या जुलैत अवकाशात गेला, महाराष्ट्र ज्या वर्षी भीषण दुष्काळात होता त्याच वर्षी. त्या काळच्या चित्रांची पडताळणी आज जमिनीवर करता येत नाही हे खरे, पण माणसांकडे करता येते. कोणती विहीर तेव्हा आटली होती, गायरान कुठवर होते, तळ्याची कड कोणत्या वडापर्यंत येई, हे सांगणारी माणसे अजून गावोगाव आहेत. त्यांच्या आठवणी, जुने स्थलदर्शक नकाशे आणि सात-बाराचे उतारे हीसुद्धा साक्षच आहे. तीही तपासून घ्यावी लागते, पण ती घेतलीच नाही तर चित्र एकटे पडते.

गुण कशाला द्यावेत?

विद्यार्थी जे करतात ते बहुधा त्यांना ज्याचे गुण मिळतात तेच असते. म्हणून बदल परीक्षकांपासून व्हायला हवा. १९९३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेचे मूळ सूत्रच मुळी परिसरातील प्रश्न हाती घेण्याचे आहे. महाविद्यालयीन प्रकल्पांनाही तेच लागू व्हावे. नकाशा मांडणाऱ्या प्रत्येक गटाला पाच प्रश्न विचारता येतील:

१. चित्र कोणत्या दिवशीचे आणि किती वाजताचे? तीच तारीख का निवडली?
२. एका चौकोनात जमीन किती मावते, आणि तुमचा प्रश्न त्याहून बारीक आहे का?
३. प्रक्षेपण कोणते वापरले?
४. जमिनीवर किती ठिकाणी जाऊन पाहिले, आणि ती ठिकाणे कशी निवडली?
५. नकाशा कुठे चुकला?

पाचव्या प्रश्नाला सर्वाधिक गुण असावेत. ‘आमची अचूकता ९० टक्के’ एवढे उत्तर पुरेसे नाही. तपासलेल्या शंभर ठिकाणांपैकी नव्वद इमारतींची असतील आणि नकाशाने सगळीकडे ‘इमारत’ असेच लिहिले असेल, तरी अचूकता ९० टक्केच येते, एकही झाड न सापडता. कोणत्या प्रकारची जमीन किती वेळा बरोबर ओळखली आणि ती कशाशी गल्लत झाली, याचा छोटासा तक्ता सुंदर रंगसंगतीपेक्षा अधिक विज्ञान सांगतो. मोबाइलचे स्थानांकनही काही मीटरनी हुकते, उंच इमारतींच्या गर्दीत त्याहून जास्त. सेंटिनेलच्या १० मीटरच्या चौकोनाशी ते जुळवताना हेही नोंदवले पाहिजे.

असा चुकांचा तक्ता लावणारा गट कदाचित बक्षीस गमावेल, ही भीती आज खोटी नाही. ती दूर करणे हे संस्थांचे आणि परीक्षकांचे काम आहे. कारण याच पिढीतून उद्याचे नगररचनाकार, वनाधिकारी, सर्वेक्षक आणि न्यायालयात तज्ज्ञ म्हणून उभे राहणारे साक्षीदार येणार आहेत. सेक्टर ४३ मधल्या जिल्हा न्यायालयात कोणत्याही साक्षीदाराला ‘तू हे स्वतः पाहिलेस का?’ हा प्रश्न टाळता येत नाही. पर्यावरणाची साक्ष देणाऱ्या विद्यार्थ्याला तो प्रकल्पाच्या पहिल्याच दिवशी विचारला गेला पाहिजे.